पाडव्याआधीचं खत

आमच्या भागात सालदाराचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं आणि पाडव्यालाच संपतं. वर्षभरासाठी ठेवलेला हा शेतगडी जाण्याआधी गोठा झाडतो, अवजारं जागेवर लावतो आणि उकिरडा तळापर्यंत उपसून खत शेतात पसरतो. भरलेला उकिरडा मागे टाकून गेला, तर गाव त्याला कामचोर म्हणतं. नवा सालदार जुन्याचं शेण उचलत नाही. ही रीत मी लहानपणापासून पाहत होते आणि तिच्यात काही खटकण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

सत्तरच्या दशकात मी शहरात, धरमपेठेत राहायचे आणि माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत टंकलेखनाचं काम करायचे. वडील गेल्यावर सावनेरजवळच्या गावी आई एकटीच होती. रविवारी सकाळच्या बसने जायचं, पिशवीत तिची औषधं आणि कामांची यादी. यादी संपवून संध्याकाळच्या बसने परत. त्या वर्षी यादीतलं सगळ्यात जड काम होतं सालदाराला निरोप देण्याचं. निम्मी जमीन ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या पैशांवर दुसऱ्याला कसायला, द्यायची ठरली होती, एक बैलजोडी विकली होती, त्यामुळे वर्षभराचा माणूस ठेवणं जमणार नव्हतं. तो वडिलांच्या वेळेपासूनचा. मी सांगितलं तेव्हा त्याने डोक्यावरचं फडकं काढून पुन्हा बांधलं आणि म्हणाला, "मंग मले पाडव्याच्या आत जागा पाहा लागते, ताई."

पाडव्याला जागा हुकली की वर्षभर रोजमजुरी. मिळाली तर मिळाली. त्याचं वय उताराला लागलेलं, बायको दम्याने आजारी. शेजारच्या गावच्या पाटलांनी त्याला अर्धा होकार दिला होता. पाडव्याआधी येऊन त्याचं काम बघणार, मग पक्कं करणार. काम बघणार म्हणजे गोठा, उकिरडा आणि शेतातलं खत बघणार.

याच सुमारास मी आमच्या शेताची माती प्रयोगशाळेत दिली होती. निकाल मीच टंकला: नत्र कमी. पिकाला हिरवं ठेवणारा तोच भाग कमी, आणि आम्ही तर दरवर्षी गाड्यांनी खत टाकत होतो. मी आमच्या साहेबांना कारण विचारलं, तर त्यांनीच उलट विचारलं.

"शेतात टाकता कधी?"

"पाडव्याच्या आधी."

"आणि वखरून मातीत मिसळता कधी?"

"मृगात. पाऊस पडल्यावर."

"म्हणजे सगळा उन्हाळा ते उघड्यावर. खत पसरलेल्या शेतात डोळे चुरचुरतात ना? ते नत्रच उडत असतं. बाई, तुम्ही शेताला नाही, हवेला खत घालता."

पुढच्या रविवारी मी गावी जाऊन सांगितलं की यंदा उकिरडा पावसापर्यंत हलवायचा नाही. निम्म्याच जमिनीवर आईचं वर्ष निघायचं होतं, ती तरी नीट पिकायला हवी होती.

सालदाराने विचारलं, "काहून, ताई? माह्यावर काही राग हाय का?"

मी समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमचं खरं असंन. पण उकिरडा भरेल दिसला तं पाटील मले उभा नाई करत."

मी मधला मार्ग काढला. उकिरडा उपसायचा, खत बंडीने, म्हणजे बैलगाडीने, शेतात न्यायचं, पण पसरायचं नाही. धुऱ्याजवळ, शेताच्या बांधाला, एकाच जागी रचून वरून मातीने लिंपून टाकायचं. उकिरडा रिकामा दिसेल आणि खत झाकलेलं राहील. मला ही युक्ती फार पटली होती. त्याला पटली नव्हती, तरी त्याने केली. लिंपणं चालू असताना शेजारच्या शेतातून बाया जात होत्या. त्यातली एक ओरडली, "काहून गा, बैल गाडला का हत्ती?" बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या. तो मान खाली घालून माती थापत राहिला.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी पाटील आले. गोठा बघितला, मान हलवली. उकिरड्यात वाकून बघितलं. तळ झाडल्यासारखा लख्ख. मग शेतात आले आणि थांबले. काळी जमीन या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी पडलेली.

"खत कुठी गेलं गा?" त्यांनी विचारलं. "इकलं का?"

सालदाराने घाईने डोक्यावरचं फडकं काढलं. मी पुढे झाले, ढीग दाखवला, नत्राचं सांगितलं.

पाटील हसले. "बाई, माह्या आज्यानं पसरलं, माह्या बापानं पसरलं. तवा हवेनं नाई खाल्लं, आता खाऊन राहिली?" मग त्याच्याकडे वळले. "खत पसरेल दिसलं की ये. तुले जमत नसंन तं मले दुसरा माणूस हाय."

ते गेल्यावर आई, सालदार आणि मी धुऱ्यावर उभे होतो. मी म्हटलं, "मी येते तुमच्याबरोबर. त्यांना नीट सांगते."

"तुम्ही सांगसान, ताई. ते आयकतीन, चहा पाजतीन, अन् जागा दुसऱ्याले देतीन."

आईने ढिगाकडे बघितलं. "हवा खाईन तं खाऊ दे," ती मला म्हणाली. "याच्या घरी काय खातीन वं?"

मी ढिगापासून बाजूला झाले. तो होकार समजून त्याने फावडं उचललं. लिंपलेली माती वाळून घट्ट झाली होती. दोन-तीन घावांत तडकली. आतून वाफ आली आणि तिच्याबरोबर तो डोळ्यांना झोंबणारा वास. मी नाकाला पदर लावला तरी डोळ्यांतून पाणी आलं. निदान पसरता पसरता मागोमाग वखर फिरवावा असं सुचवलं, पण बैलजोडी एकच उरली होती, ती बंडीला. दुपारी बंडी रिकामी करून बैल वखराला जुंपले आणि एक ओळ घेऊन बघितली. जमीन विटेसारखी भाजलेली, वखराची लोखंडी पास वरवर खरवडत गेली. खत जिथल्या तिथे राहिलं. संध्याकाळची बस मी चुकवली.

दुसऱ्या दिवशी पाटलांचा माणूस येऊन बघून गेला. पाडव्याला सालदार निघाला तेव्हा आईने त्याला नारळ आणि टोपी दिली. जागा पक्की झाली होती. बायको धापा टाकत मागून चालत होती, त्याने तिच्यासाठी दोनदा थांबून मागे बघितलं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

त्या आठवड्यात रजा काढून मी आईजवळच राहिले. ऊन चढलं की शेताकडून वारा यायचा आणि घरभर तो वास भरायचा. आईने खिडकी लावली, मग उकडतं म्हणून पुन्हा उघडली.

"किती दिवस येईन वं हा?" तिने विचारलं.

"खतात नत्र आहे तोवर येईल," मी म्हटलं. "उडून संपलं की थांबेल."

तिने खिडकी पुरती उघडली. मग म्हणाली, "मंग थांबू नये असं म्हणा लागंन."