ज्वालामुखीच्या मागावर कोंढ्यापर्यंत

ज्वालामुखी बघायला लोक विमानाने जातात. मी नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले, तेही भंडारा जिल्ह्याची हद्द न ओलांडता. तरी माझं म्हणणं आहे की मी त्याला गाठलं.

सातवीच्या भूगोलात ज्वालामुखीचा उभा छेद दाखवणारं चित्र पाहिलं, तेव्हापासून मला हे वेड आहे. आता मी भंडाऱ्यात एका ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. दिवसभर काचेची भांडी धुते, द्रावणं तयार करते आणि मधल्या सुट्टीत फोनवर जगात कुठे काय उद्रेक चाललाय ते बघते. या हिवाळ्याच्या तोंडावर आफ्रिकेत एक ज्वालामुखी फुटला. त्याच्या राखेचा ढग समुद्र ओलांडून सरळ आपल्या देशावर आला. विमानं रद्द झाली. नकाशावर त्या ढगाची एक कड आमच्या जिल्ह्याला चाटून जाताना दिसली, तेव्हा मी स्टाफरूममध्ये उठून उभीच राहिले.

उंचावर अशी राख असली की सूर्यास्ताला आभाळ गुलाबी-जांभळं होतं. ते भंडाऱ्यात इमारतींच्या फटीतून बघण्यात मजा नव्हती. दोन दिवसांची रजा टाकली, कारण लिहिलं ‘घरगुती काम’. नवरा प्रमोद म्हणाला, “ज्वालामुखी घरगुती कधीपासून झाला?” पण गाडीत पेट्रोल त्यानेच भरून आणलं. निघण्याआधी मी घरच्या ग्रुपवर आगीचं एक झकास चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, ‘आज-उद्या आपल्यावरून ज्वालामुखीची राख जाणार!! सगळे तयार राहा!’

दुपारी लाखनीचा रस्ता धरला. हायवे उत्तम आहे, पण ट्रक इतके की दुचाकीवाल्यांनी डावी कड सोडू नये आणि पुढच्या ट्रकचा इंडिकेटर खरा मानू नये. लाखनीत उतरून तर्री पोहा खाल्ला. तर्री, म्हणजे पोह्यावरचा झणझणीत रस्सा, अशी की डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी प्लेट घेतली. मी खाताना सारखी वर बघत होते. शेवटी पोहेवाल्याने विचारलं, “ताई, वरतं काय पाहून राहिल्या जी?”

“आफ्रिकेतून राख येतेय, ज्वालामुखीची.”

त्याने हायवेकडे हात केला. “आमच्याइथं रोजच येते जी. ह्या ट्रकायची.”

प्रमोदला हसताना ठसका लागला.

संध्याकाळी गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो. तुम्हीही असं काही बघायला निघालात तर तलावाची अशी पाळ शोधा, जिथून पश्चिम मोकळी दिसते. पाण्यात आभाळ पुन्हा एकदा मिळतं. सूर्य खाली गेला. नारिंगी झाला, लाल झाला, संपला. कडेला एक फिकट गुलाबी पट्टी आली असं मला वाटलं. प्रमोदच्या मते ती पट्टी कालही होती आणि परवाही होती. मी त्याला पंधरा मिनिटं वातावरणाचे थर समजावून सांगितले. त्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “जेवायचं काय?” रात्री त्याच्या चुलतभावाकडे मुक्काम केला.

सकाळी चहा घेत नकाशा उघडला. ढगाची दाट कड आता दक्षिणेकडे सरकली होती, म्हणजे पवनी तालुक्याकडे. माझं माहेर तिकडेच, कोंढ्याला. मी आनंदाने दादाला फोन लावणार तोच त्याचा आला.

“सुनंदा, तू सांगतलं तसं केलं बरं. सारा चिन्नोर पुंजण्यात घातला. राख येवो नाहीतर काही येवो.”

“मी काय सांगितलं?”

“तूनंच तं टाकलं ना ग्रुपवर. तयार राहा म्हनून.”

मी चहा खाली ठेवला. ज्यांनी धान, म्हणजे भात, जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. धान कापला की त्याच्या मुठी बांधीत, म्हणजे शेताच्या खाचरात, तशाच पसरून ठेवतात. त्या कडपा. तीन-चार दिवस ऊन खाऊन त्या खडखडीत वाळल्या की भारे बांधून एका जागी रचतात. ते पुंजणं. अवकाळी पावसाचा अंदाज आला की आमच्याकडे घरातली सगळी माणसं धावतात आणि कडपा उचलून पुंजण्यात घालतात. पावसाला दुसरा इलाज नसतो. राखेलाही दादाने तोच इलाज केला होता. धान कापून फक्त एक दिवस झाला होता. काड्या आतून ओल्या होत्या.

ओला धान दाबून रचला की आत तापतो. साधा धान असता तर काळा पडला असता, भाव गेला असता. पण चिन्नोर हा आमच्याकडचा सुवासिक वाण, आणि दादा त्याचं बी कधी बाजारातून आणत नाही. घरचंच राखतो, आईच्या वेळेपासून, त्याच एका बांधीतलं. तापलेल्या दाण्यातला कोंब मरतो. ते बी गेलं तर ते दुसरीकडून मिळणार नव्हतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि दादाला पुस्तकाशिवाय.

“दादा, पुंजणं उघड. आत्ताच्या आत्ता. राख खाली पडत नाही,” मी म्हणाले.

“आता तूच येऊन सांग तुह्या वहिनीले. रातभर राबली ते,” असं म्हणून त्याने फोन ठेवला.

लाखनीहून आतल्या रस्त्याने, विचारत विचारत, अड्याळ ओलांडून कोंढ्याला गेलो. हा रस्ता खड्ड्यांनी आणि रस्त्यावरच वाळत घातलेल्या धानाने भरलेला आहे, त्यामुळे हाताशी वेळ जास्त ठेवा. मी मात्र प्रमोदला सारखी घाई करत होते. एरवी त्याने चिडवलं असतं. त्या दिवशी तो खड्डे चुकवत गाडी हाणत राहिला.

शेतात पोचलो तर पुंजणं छातीइतकं उंच, नीट रचलेलं, वरून ताडपत्रीने झाकलेलं. वहिनी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसली होती. मी चप्पल काढून सरळ पुंजण्यात कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती, तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखी.

“तुम्ही लिवलं होतं ना बाई, राख येऊन राहिली म्हनून,” वहिनी म्हणाली. “राख पडल्यावर धान का धूत बसू?”

“वहिनी, ती खूप उंचावरून जाते. विमानं उडतात तिथून. खाली काहीच येत नाही.”

“मंग हे काहून नाही लिवलं?”

मला ते लिहायचं सुचलंच नव्हतं. मला आगीचं चित्र टाकायचं होतं.

दादा म्हणाला, “आता बोलून काय होते? सोडा भारे.” आम्ही चौघं आणि शेजारच्या दोघी बाया, सगळे लागलो. पुंजणं रचणं सोपं, उघडणं जड. भारा सोडायचा, मुठी वेगळ्या करायच्या, बांधीत न्यायच्या, लोंब्या उन्हाकडे करून पसरायच्या. प्रमोदने जन्मात धानाला हात लावला नव्हता. पहिल्या तासात त्याची बोटं कापली. मधल्या थरातल्या मुठी हाताला गरम लागायच्या आणि त्यांना आंबूस वास यायचा. त्या मी वेगळ्या पसरत होते.

सूर्य टेकला तेव्हा पुंजण्याचा बुडखा तेवढा उरला होता. मी खाली वाकलेली होते. काही वेळाने माझे हात जांभळे दिसले. मग कडपा जांभळ्या दिसल्या. मान वर केली. आभाळ खालून गुलाबी आणि वर जांभूळ पिळल्यासारखं झालं होतं, पार डोक्यावरपर्यंत. सूर्य जाऊन बराच वेळ झाला होता, तरी उजेड वाढतच चालला होता. आफ्रिकेच्या पोटातली धूळ माझ्या माहेरच्या बांधीवर पेटली होती. मी इतकी खूश झाले की रडायलाच आलं, आणि इतक्या नुकसानीत आपण खूश आहोत याची लाजही वाटली. दोन्ही एकदमच होतं.

वहिनीही वर बघत होती. “हेच पाहाले निघाल्या होत्या का?”

“हो.”

“बेस हाय. पाहून घ्या बाई. पन हात नका थांबवू.”

हात न थांबवता पाहिलं. रात्री वहिनीने लाखोळीच्या डाळीचे वडे केले आणि माझ्या ताटात दोन जास्त वाढले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भंडाऱ्याला परतलो. निघताना दादाने त्या गरम थरातल्या लोंब्यांची एक पिशवी माझ्या हातात दिली. “तुह्या कालेजात पाहून सांग, जिवंत हाय का ते.”

ताजा धान लगेच उगवत नाही, त्याला थोडी झोप लागते. म्हणून महिनाभर थांबले. दरम्यान ज्वालामुखी मधूनमधून धुमसतच होता. मी नकाशा रोज बघते. ग्रुपवर मात्र काही टाकायचं झालं तर आधी चारदा वाचते, आणि वहिनी हे वाचून काय करेल, असं स्वतःला विचारते. त्या संध्याकाळचे फोटो अनेकांनी मागितले. एकही काढलेला नाही, हात रिकामे नव्हते.

मग शंभर दाणे मोजून ओल्या कापडात गुंडाळले आणि प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवले. सहाव्या दिवशी उघडले. एकसष्ट दाण्यांना कोंब आले होते. दादाचं बी एरवी जवळजवळ सगळं उगवतं.

मी फोन केला आणि आकडा सांगितला. दादाच्या मागून वहिनी “किती म्हनते?” असं विचारत होती.

“एकसष्ट,” त्याने तिला सांगितलं. आणि मला म्हणाला, “मंग जरा दाट पेरू.”