निळ्या दोऱ्याची बरणी

निकमबाई गेल्या, हे मला त्यांच्या मुलीने येऊन सांगितलं. मी अंगणात बोंबील वाळत घालत होतो. ती बोईसरहून एसटीने चिंचणीला आली, कुंपणापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "तात्या, आई गेली. तुम्हाला पत्र टाकायचं नाही, जाऊन सांगायचं, असं तिनेच बजावून ठेवलं होतं." मी तिला पाणी दिलं आणि हातातले बोंबील तसेच दोरीवर टाकत राहिलो. त्याला आता दीड महिना झाला. मी तिसरी शिकलेला माणूस, पण बाईंबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलं तर ही गोष्ट राहून जाईल.

बाई मूळच्या साताऱ्याकडच्या, पालघरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा त्या माझ्या दारात आल्या, मर्यादवेलासाठी. आमच्या किनाऱ्यावर वाळूत पसरणारा, जांभळ्या फुलांचा वेल. जाळं ओढताना जेलीफिश हाताला लागली की आगीचा लोळ उठतो. मग खलाशी माझ्याकडे यायचे आणि मी पाला वाटून लावायचो. आज्यापासून चालत आलेलं. बाई म्हणाल्या, "गुण वेलाने येतो की आपोआप, ते पाहायचंय." माझं डोकं सणकलं. "म्हंजे आमी एवढी वर्सं लोकांना फसवतो?" "फसवत नाही हो तात्या. पण मोजलंही नाही ना कधी."

मोजायचं ते असं. बाईंनी मलमाच्या दोन बरण्या दिल्या, एकीच्या गळ्याला लाल दोरा, दुसरीच्या निळा. एकीत वेल, दुसरीत कसलातरी साधा पाला. कशात काय ते मला सांगायचं नाही. एकाला लाल, पुढच्याला निळी, असं पाळीपाळीने लावायचं. त्याच्यापुढे दहा शिंपले ठेवायचे. अर्ध्या तासाने आग जितकी उरली तितके शिंपले त्याने उचलून द्यायचे, मी वहीत तितक्या रेघा मारायच्या. "तात्यानं दुकान मांडलं रे शिंपल्यांचं," म्हणून खलाशी चिडवायचे.

मी पहिल्याच दिवशी निळीत बोट घालून जिभेला लावलं. पालक! माझ्या दारात विव्हळत आलेल्या माणसाला मी भाजी लावू? बरणी परसात रिकामी केली, वेलाचा रस काढला, दुकानातून व्हॅसलीन आणून त्यात घोटला आणि परत भरून ठेवली. माझी बायको जानकी म्हणाली, "बाईंना सांगा तरी." म्हटलं, "सांगायचं काय त्यात? लोक बरे होतात ते दिसंलच त्यांना."

हंगाम संपल्यावर बाईंनी ओट्यावर बसून रेघा दोनदा मोजल्या. मग चष्मा काढला. "तात्या, दोन्ही बरण्यांचा गुण सारखाच. म्हणजे तुमच्या वेलात विशेष काही नाही, असंच मला लिहावं लागणार." खरं सांगावं तर मी लबाड ठरतो, गप्प बसावं तर आज्याचा वेल खोटा ठरतो, आणि तो खोटा पाडला मीच... आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. नवव्या दिवशी बोईसरला बाईंच्या क्वार्टरवर गेलो आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

बाईंनी स्टो बंद केला. मग, "वर्ष गेलं माझं, तात्या," एवढंच. मी म्हटलं, "माफी नाय मागत. पण माणूस रडतोय आन् मी पालक लावतोय, हे माझ्यानं व्हायचं नाय." "ते मात्र माझं चुकलं," म्हणाल्या. "पुढच्या वेळी अर्धा तास माझा. त्यानंतर हवा त्याला ताजा पाला लावा. मग तर चाखणार नाही?" म्हटलं, "नाय."

पुढच्या हंगामाला नव्या बरण्या आल्या, सोबत एक बंद लिफाफा. कशात काय ते आत लिहिलेलं. चिकटवलेल्या कडेवर बाईंनी माझी सही घेतली आणि लिफाफा माझ्याच हातात दिला. जानकीला हसू आवरेना. "बाई, ज्याच्यापास्नं लपवायचं त्यालाच देता?" "म्हणूनच," बाई म्हणाल्या. मी तो देवाच्या फळीवर बिस्किटाच्या डब्यात ठेवला. एकदा माझा सख्खा भाऊ पांडू दोन्ही हात भाजल्यासारखे लाल करून आला. पाळी निळीची. "दादा, खरी लाव रे," म्हणून ओरडत होता. माझी नजर डब्याकडे गेली... निळीच लावली. तो अर्धा तास त्याच्याजवळ बसून राहिलो. वादळात होडीवर काढलेल्या रात्रीसुद्धा मला त्याहून लहान वाटतात.

शेवटी बाईंनी लिफाफा आखूड बाजूने ब्लेडने कापला, माझ्या सहीला धक्का न लावता. वेल लाल दोऱ्याच्या बरणीत होता. "तुमचा वेल खोटा नाही, तात्या. सूज लवकर उतरते, आगही थोडी कमी होते. पण तुम्ही सांगता तेवढा मोठा नाही तो. आणि धाप लागली तर वेल नाही, सरळ डॉक्टर." दोन दिवस मी घुश्शातच होतो. तिसऱ्या दिवसापासून दारात आलेल्याला तेवढंच सांगू लागलो. आजही तेवढंच सांगतो.

त्या दिवशी निघताना बाईंच्या मुलीने विचारलं, आईचं काही राहिलंय का तुमच्याकडे. मी डबा काढून लिफाफा दिला. आत काही नाही, कागद बाईंनीच नेला होता. तिने माझी वेडीवाकडी सही पाहिली आणि लिफाफा परत माझ्या हातात ठेवला. अधूनमधून डबा उघडतो, त्या चिकटवलेल्या कडेवरून अंगठा फिरवतो. कुठेही सुटलेली नाही.