झांजा वाजत होत्या

आजोबा गेल्याचं कळवायला मी फोन केला तेव्हा, निखिल, तू विचारलंस, "आजी, शेवटी काय ऐकत होते?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. म्हणून आता तुला आणि तुझ्या बहिणीला, मीराला लिहिते आहे...

आजोबांच्या वडिलांचा लष्कर मोहल्ल्यात रंगारीकामाचा कारखाना होता. तिथे एक नियम होता. ज्यानं कापड रंगात बुडवलं, त्यानं रंग पास करायचा नाही. दुसऱ्यानं ते दारात, उजेडात न्यायचं, जुन्या तुकड्याशेजारी धरायचं आणि रंग जुळला तर "आला", नसेल तर "नाही आला" एवढंच म्हणायचं. आजोबा बँकेत नोकरीला लागले, पण हा नियम त्यांनी सोडला नाही. जुन्या रॉक अल्बमची नवी हाय-रेझोल्यूशन रीमास्टर आवृत्ती निघाली की सरस्वतीपुरममधल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये आधी जुनी तबकडी वाजे, मग संगणकावरून नवी. "साउंड इंजिनियरनं बुडवलंय, आता दारात मी उभा," असं म्हणत. मग संग्राहकांच्या संकेतस्थळावर निकाल लिहीत. त्यांच्या शब्दासाठी कुठकुठले लोक थांबत. आजोबांना त्याचा फार अभिमान होता.

या उन्हाळ्यात त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतला लाडका अल्बम नव्यानं आला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला. "ड्रमच्या झांजाच पुसून टाकल्यात! फसवणूक आहे ही. तबकडीवर बघ कशा लखलखतात!" आणि ते रागानं टाइप करू लागले.

मी शेजारीच बसले होते. झांजा इतक्या स्पष्ट होत्या की कानाला टोचत होत्या. कित्येक महिने त्यांना दाराची बेलही ऐकू येत नव्हती. मला ते उमगलं होतं...

"अहो, पाठवू नका."

"सुम्ने बस गं, गप. तुला यातलं काय कळतं?"

"झांजा आहेत. दोन्हीत आहेत."

त्यांचं बोट पाठवायच्या बटणावर थांबलं. "म्हणजे मला ऐकू येत नाहीत?"

मी स्पीकर बिघडलाय म्हणाले असते तर त्या दिवसापुरतं निभावलं असतं. पण पुढे कधीतरी असाच निकाल जगभर गेला असता, आणि कुणीतरी परक्यानं त्यांना हे सांगितलं असतं.

"नाही येत. तबकडीवरच्या तुम्हाला नुसत्या आठवतात, मनातूनच वाजतात. आज बुडवलंतही तुम्हीच आणि पासही तुम्हीच करताय."

ते आता हे सगळं बंद करून टाकतील आणि पुन्हा कधी लावणार नाहीत, अशी मला भीती वाटली. मग त्यांनी लिहिलेलं सगळं पुसलं आणि मनगट माझ्यापुढे केलं. "दारात तू उभी राहा. कुठे येतात, दाखव."

गाणं पुन्हा सुरू झालं. झांज आली की मी त्यांच्या मनगटावर बोटानं टिचकी मारायची. तिसऱ्या-चौथ्या टिचकीलाच ते खेकसले, "उशीर झाला गं!" झांज ऐकू येत नव्हती, पण ताल पाठ होता; चूक मात्र पकडली. त्या दिवशीचा निकाल होता, "आला. ऐकणारी, माझी बायको."

दवाखान्यात न्यायच्या आदल्या संध्याकाळीही आम्ही तोच अल्बम असाच ऐकला. आता मी एकटीच लावते. झांज वाजली की बोट आपोआप खुर्चीच्या हातावर पडतं. बहुतेक वेळा उशिराच... आणि ते मला लगेच कळतं.