हबीबभाईंचा पहिला दांडा

हबीबभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेतल्या एका निवृत्त होणाऱ्या बाईंचं मानपत्र लिहीत होतो. फोन त्यांच्या मुलीचा, शबानाचा होता. "सर, अब्बू गेले," एवढंच ती म्हणाली. डाव्या हातातला फोन खाली ठेवल्यावर पाहिलं, तर उजव्या हातात टाक तसाच होता आणि माझा अंगठा त्यांनीच खरादलेल्या दांड्याच्या खोबणीत निवांत टेकलेला होता... मानपत्र त्या दिवशी पुढे सरकलं नाही.

बोरी अरबच्या बाजारातून मागच्या गल्लीत शिरलं की त्यांचं खरादाचं, म्हणजे लाकूड कातायचं दुकान. पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी, पोरांचे भोवरे असं सगळं तिथे घडायचं. माणूस तब्येतीने किरकोळ, पण बोलणं मात्र पैलवानाचं. आपल्यासारखं लाटणं अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी करून दाखवावं, असं ते गिऱ्हाईक दिसलं की ऐकवायचे. गिऱ्हाईक नसलं तर समोरच्या पंक्चरवाल्याला ऐकवायचे. गंमत अशी, की ते खरंच होतं. मला हा माणूस फार आवडायचा, त्याच्या बढाईसकट.

आमची ओळख तशी जुनी, पण मैत्री जुळली ती माझ्या अंगठ्यामुळे. मी चित्रकलेचा मास्तर. बंजारा तांड्यावरच्या घरात वळणदार अक्षर काढणारा मी पहिलाच, म्हणून माझ्या याडीला, म्हणजे आईला, त्याचं भारी कौतुक. ती पाहुण्यांना चहाच्या आधी माझी अक्षरं दाखवायची. पुढे एकदा दारव्ह्याच्या रस्त्यावर माझी गाडी घसरली आणि उजव्या अंगठ्याचं पेर कायमचं ताठ झालं. खडू कसाबसा धरता यायचा, टाक मात्र बोटांतून गळून पडायचा. लिहिणं संपलं असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याच सुमारास लाटणं आणायला गेलो तेव्हा मी ते डाव्या हाताने घेतलं, आणि हबीबभाईंनी काही न विचारता माझा उजवा हात ओढून उलटासुलटा करून पाहिला.

"अंगठा वाकत नाई, तं नको वाकू दे," ते म्हणाले. "आपण लाकडालेच वाकवू. कायले तोंड पाडून राह्यले, मास्तर?"

मग त्यांनी घरातून कणकेचा गोळा मागवला. अंगठा ताठ ठेवून, जसं जमेल तसं, टाक धरल्यासारखा तो मला धरायला लावला. माझ्या बोटांचे ठसे उमटलेला तो गोळा पत्र्यावर उन्हात वाळला आणि खरादाशेजारी जाऊन बसला. टाकाच्या दांड्याला त्यांनी हळदू निवडला. पिवळसर, बारीक पोताचा. सागवान पलंगाला ठीक, बोटांना टोचतो, हे त्यांचं मत. खरादावर हळदूचा तुकडा फिरू लागला की पिवळा भुसा त्यांच्या दाढीत अडकायचा. मधूनच मोटर बंद करायची, डोळे मिटून दांडा चाचपायचा, मग तोच हात गोळ्यावरून फिरवायचा आणि पुन्हा मोटर चालू. अंगठ्याची खोबण मात्र त्यांनी खरादावर केली नाही, पटाशीने हातावरच कोरली. निब बसवायला बारीक खाच, खाचेवर जुन्या स्टोव्हच्या पितळी नळीची कडी, आणि शेवटी जवसाच्या तेलाचा हात. तेल मुरेपर्यंत दांड्याला मला बोटही लावू दिलं नाही.

दांडा हातात घेतला तेव्हा माझे डोळे भरून आले. तो पडलाच नाही. अंगठा खोबणीत असा बसला, की तो अधू आहे हेच विसरायला झालं. शाईत बुडवून मी तांड्याचं नाव लिहिलं आणि... हसावं की रडावं कळेना. शिरोरेघ ही एवढी जाड, आणि काने कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांसारखे बारीक. डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन अक्षरं निघाल्यासारखी दिसत होती.

झालं होतं असं, की हबीबभाईंचे वडील बोरूने सुंदर उर्दू लिहायचे, आणि त्यांचे बोरू तासायचं काम लहानपणी यांच्याकडे असायचं. उर्दूच्या त्या वळणात आडवा फराटा भरदार आणि उभी रेघ सडपातळ. गोळ्यावरून बोटं कळली, पण निबेचा कल, ती किती तिरपी बसवायची ते, कणकेत कुठून दिसणार? तो त्यांच्या हाताने वडिलांच्या सवयीने लावून टाकला होता. मी हे समजावून सांगितलं. चूक कबूल करतील तर ते हबीबभाई कसले.

"दांडा बराबर हाये," ते ठामपणे म्हणाले. "तुमचीच भाषा उलटी चालते."

दुसरा दांडा त्यांनी बिनबोभाट करून दिला, निबेचा कल बदलून. त्यानंतरची माझी सगळी मानपत्रं, प्रमाणपत्रं, लग्नाच्या पत्रिका त्याच दांड्याने लिहिल्या आहेत. याडीने शेवटपर्यंत पाहुण्यांना जी अक्षरं दाखवली, तीही त्याचीच. पहिला दांडा परत घ्यायला मात्र ते तयार झाले नाहीत. ठेवा, उर्दू शिकाल तेव्हा लागेल, म्हणायचे. मी कसला शिकतोय! भेट झाली की मी त्यांना त्या दांड्यावरून चिडवायचो आणि ते मला माझ्या भाषेवरून.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीआधी शबाना घरी आली. कबरीपाशी लावायच्या दगडावर नाव कोरायचं होतं, आणि ते मी कागदावर लिहून द्यावं असं तिचं म्हणणं. मराठीत लिहून दिलं. मग ती हळूच म्हणाली, उर्दूतही पाहिजे. मी म्हटलं, अगं, मला त्यातलं अक्षरही येत नाही. तिने पेन्सिलीने 'हबीब' काढून दिलं आणि कुठून कुठे जायचं ते बोटाने दाखवलं. कपाटातून मी पहिला दांडा काढला. हळदू इतक्या वर्षांत गडद झाला होता, पण अंगठा लगेच जागेवर बसला. उजवीकडून लिहीत मी शेवटच्या 'बे'पाशी, म्हणजे 'ब'च्या अक्षरापाशी आलो, आणि तो लांब आडवा फराटा आपोआप भरदार उतरला. मी फक्त हात नेत होतो.

शबानाने कागद उचलून उजेडात धरला. "आजोबांचा हात वाटते, सर," ती म्हणाली. "घरी त्यांचं लिहिलेलं हाये. असंच."

ती गेल्यावर मी निब धुतली, दांडा पुसला. तो परत कपाटात ठेवायला हात धजेना. आता दोन्ही दांडे टेबलावरच्या पेल्यात शेजारी शेजारी असतात. दांडा बरोबर आहे, एवढं मात्र हबीबभाईंना सांगायचं राहून गेलं.