स्लॅबवरच्या चोवीस सळ्या

कोल्हापूरकडून येताना गारगोटीच्या अलीकडे आमचं गाव. मी दहावीत असताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथं घर बांधलं आणि स्लॅबच्या वर सळ्या सोडून ठेवल्या. सहा कॉलम, प्रत्येकाच्या चार. छातीएवढ्या उंच. पोराला नोकरी लागली की वरचा मजला चढवायचा, असा बेत. आमच्याकडं घर बांधणारा जवळजवळ प्रत्येक बाप हेच करतो.

उघड्या सळ्या गंजतात, म्हणून दर मे महिन्यात त्यांना सिमेंटचं पाणी फासायचं. कामाची वाटणी ठरलेली. वरचा भाग आबा करायचे आणि बुडाशी वाकून मी. नोकरी लागल्यावरही त्या एका रविवारी मी गावी जायचोच.

नोकरी लागली कोल्हापुरात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये. तिथं रोज दुपारी गारगोटीहून बर्फाचा डबा येतो. साधी तपासणी तिकडं होते, जरा अवघड निघाली की रक्त एवढा प्रवास करून माझ्या टेबलावर. आमच्याकडं होत नाही ते आम्ही पुण्याला धाडतो. तो डबा उघडताना मला अजून चीड येते. नोकरी इकडं, डॉक्टर इकडं, पोरीची शाळा इकडं. तिकडं काय, तर जागा. मोकळी, हवेशीर, हक्काची जागा, आणि तिथं राहून पोट भरायची सोय नाही.

नऊ वर्षं आम्ही कोल्हापूरला लागूनच उचगावात भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. घर बांधायचं हे नक्की होतं, कुठं ते ठरत नव्हतं. सोमवारी मी मनात गावी बांधायचो, गुरुवारपर्यंत उचगावात आलेला असायचो. लॅबच्या जुन्या फॉर्मांच्या पाठीवर वरच्या मजल्याचे नकाशे काढायचो. कधी स्वयंपाकघर पूर्वेला, कधी जिना बाहेरून. बायकोनं एकदा त्यातला एक कागद घेतला, बघितला आणि म्हणाली, "छान आहे. रोज चार तास तुम्ही एसटीत, मी आणि पोरगी इथं. मग ह्या घरात कपडे वाळत घालणार कोण?" मला राग आला. तिचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

शेवटी उचगावात फ्लॅट बुक केला. तिसरा मजला. आबांना सांगितलं नाही. आठ-दहा वेळा फोन लावला आणि पावसापाण्याचं बोलून ठेवला. चोरी केल्यासारखं वाटत होतं.

हिवाळ्यात आबा गुडघे दाखवायला कोल्हापूरला आले. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मी रिक्षा सरळ साइटवर नेली. रिक्षातच एका दमात सांगून टाकलं. साइट आली तसे आबा उतरले. गुडघ्यावर हात ठेवून जिना चढले. आमच्या फ्लॅटच्या भिंती नुकत्याच झाल्या होत्या. आबांनी एका भिंतीवर बोटानं टकटक केलं, खिडकीतून वाकून बघितलं. मग तिथल्या सुपरवायझरला विचारलं, "वरच्या सळ्या कुठं सोडल्यासा?"

सुपरवायझर हसला. "पावणं, वर दुसऱ्याचा फ्लॅट हाय की."

"आनि खाली?"

"खालीबी दुसऱ्याचाच."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "मग ह्यात तुझं काय रं?"

मी जागेचा दाखला, करार, काहीबाही सांगत सुटलो. लॅबमध्ये पेशंटला समजावतो तशा आवाजात बोलत होतो, हे मला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं. ते खाली उतरले. स्टँडवर गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "पोरीची शाळा जवळ हाय, त्ये बरं झालं."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यानंतरचे चार महिने फोनवर ते घराचं काही काढेनात, आणि मीही काढेना. डब्यात गारगोटीचं रक्त आलं की मी आधी नावं वाचायचो. त्यांचं नाव नसलं की मगच कामाला लागायचो.

मे आला. मी फोन केला, "रविवारी येतो. सिमेंट आणायचंय का?"

"नको. झालं की समदं."

"बादली वर कुणी नेली?"

"कुणी कशाला पायजे? दोन येळा आर्धी आर्धी न्हेली."

तरी रविवारी पहिल्या गाडीनं गेलो. आबा अंगणात बसले होते. मी चहासुद्धा न घेता वर चढलो. चोवीसच्या चोवीस सळ्या शेंड्यापासून करड्या झाल्या होत्या, नीट, एक सळी सुटली नव्हती. फक्त बुडाशी वीतभर जागा तशीच लाल होती. पावसाचं पाणी साचतं आणि गंज धरतो तो तिथंच. गुडघे वाकत नव्हते, तेवढं राहिलं होतं.

गच्ची मला नकोशी झाली आणि सोडवेनाही. खाली गेलो, उरलेलं सिमेंट कालवलं, ब्रश घेतला आणि वर येऊन पहिल्या कॉलमपाशी बसलो. फ्लॅटचा ताबा दिवाळीत मिळणार होता. या स्लॅबवर मी आता एक वीटसुद्धा चढवणार नव्हतो. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. तरी मी एकेक सळी बुडापासून रंगवत होतो.

तिसऱ्या कॉलमवर असताना आबा कठड्याला धरत धरत वर आले. बादलीत डोकावून बघितलं.

"लई जाड लावू नगो," ते म्हणाले. "बांधायच्या टायमाला खरवडाय लागतंय."

कोण बांधणार, ते त्यांनी सांगितलं नाही. मी ब्रश बादलीच्या काठावर निथळवला आणि पातळ लावू लागलो.