पांढरी चिंधी आणि निळा पेला

कोळसेताईचे हात कोपरापर्यंत कायम काळे. रंगखान्यातलं सांडपाणी तिच्या हौदात पडायचं, कोळशाच्या थरातून झिरपायचं आणि नितळ होऊन पाटाला लागायचं. पाणी चांगलं की वाईट, याचा निकाल ती एका पांढऱ्या चिंधीनं लावायची. चिंधी बुडवायची, पिळायची, उन्हात धरायची. पांढरीच राहिली की पाटाकडच्या नळाची चावी खोलायची. खाली तिच्या धाकट्या भावाचे भाजीचे वाफे त्याच पाण्यावर पोसलेले.

मग मालकानं शेजारीच बटणांवर तांब्याचा मुलामा चढवायचं काम काढलं. त्याचंही पाणी त्याच हौदात. चिंधी तरी पांढरीच! कोळसेताई फुशारली. "माझा कोळसा दगडसुद्धा पचवील."

प्रयोगशाळेत कामाला असलेली तिची भाची एकदा हौदावर आली. पेलाभर नितळ पाण्यात तिनं कुपीतल्या अमोनियाचे थेंब सोडले. पेला निळाशार झाला.

"मावशी, तांबं सुटतंय."

"ही चिंधी बघ की! दुधासारखी आहे."

"चिंधीवर रंग दिसतो, तांबं नाही. कोळशाच्या भोकाभोकांत रंग ठाण मांडून बसलाय. तांब्याला टेकायला जागा कुठाय?"

कोळसेताईच्या तोंडचं पाणी पळालं. हौद काठोकाठ भरलेला. मालक डोक्यावर उभा. खालून भाऊ ओरडत होता, "ताई, सोड की! वाफ्यांनी माना टाकल्या."

दुसरी कुणी असती तर तिनं पेला ओतून दिला असता आणि भाचीलाच झापलं असतं. हिनं चावी आणखी आवळली.

"टाकू देत माना. इतके दिवस मीच तुला तांबं पाजलं. चुकलं माझं!"

मालक करवादला, "मग काय कारखान्याला कुलूप लावू?"

"लावा. नाहीतर हा पेला तुम्ही प्या."

मालकानं कुलूप लावलं.

कोळसेताईनं आपल्या हातानं रचलेले थर आपल्याच हातानं उपसले. पहिल्या हौदात रंगासाठी नवा कोळसा भरला. धातू धरायला दुसऱ्या हौदात, भाचीनं सांगितला तसा, हाडांचा कोळसा. खाटकाकडून पोती आणून बंद पिंपात हाडं जाळली. गल्लीतली कुत्री वरातीसारखी तिच्या मागं.

नवरा म्हणाला, "आता तुला कुत्रेताई म्हणायचं का?"

"म्हणा. पण आधी पोतं उचला."

कुलूप निघालं, पहिलं पाणी आलं. चिंधी पांढरी, पण पेल्यात निळसर झाक. तिनं पुन्हा चावी आवळली, हाडांचा कोळसा बारीक कुटला, थर जाड केला. तोवर भाऊ विहिरीवरून घागरी वाहत होता, कुरकुरत का होईना.

पुन्हा पाणी आलं. पुन्हा थेंब. पेला नितळच राहिला. भाऊ फावडं घेऊन शेजारी उभा.

"आता?"

कोळसेताईनं आणखी एक थेंब टाकला. पेला उन्हात धरून या बाजूनं, त्या बाजूनं पाहिला.

"जा," ती म्हणाली, "पाट मोकळा कर."