सर पुढे, आम्ही चौघी मागे

रविवारी आदिलाबादला गेले होते. आमच्या डिग्री कॉलेजच्या जुन्या बॅचचा मेळावा होता... जाऊ की नको करत शेवटी चंद्रपूरहून बसमध्ये बसले.

कारण एकच. बोलावणं करणाऱ्याने फोनवर सहज सांगितलं, "बोथची शोभा पण येऊन राह्यली." झालं! त्या दिवसापासून माझी झोप उडाली. नवरा म्हणाला, मैत्रीणच आहे ना, वाघीण तर नाही... त्याला काय सांगणार, कप्पाळ?

आता पहिल्यापासून सांगते. सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गात मुलं पन्नासेक आणि मुली चार. आम्ही लेडीज रूममध्ये बसून राहायचं. सर तासाला निघाले की दाराशी येऊन म्हणायचे, "पदंडम्मा." तेलुगूत, चला गं. मग सर पुढे, आम्ही चौघी मागे खाली मान घालून. तास संपला की तशाच सरांच्या मागून बाहेर.

सरांच्या आधी वर्गात पाऊल टाकायची कोणाची बिशाद नव्हती. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण शिपायापासून सगळ्यांना पाठ. आमच्या आधी एकच मुलगी शिकून गेली म्हणे, तिची तर खुर्चीच सरांच्या टेबलाला लागून असायची... म्हणजे आमची प्रगतीच म्हणायची!

हसू नका. त्या रांगेच्या भरवशावरच घरच्यांनी आम्हाला कॉलेजात घातलं होतं. शोभाचे आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबलेले, वडील जवळच्या बोथ गावात सरकारी ऑफिसात शिपाई. त्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच.

एका शनिवारी ती तास बुडवून मावसबहिणीबरोबर पिक्चरला गेली. "कोनी विचारलं तर सांभाळून घेजो," एवढं मला सांगून गेली. आणि नेमके तिचे बाबा लेडीज रूमच्या दाराशी हजर! बोथहून बसने आलेले, घामाघूम.

"शोभा कुठं हाये, बाई?"

 तोंडातून निघून गेलं, "वर्गात हाये, काका."

अन् सर समोरच्याच व्हरांड्यात चहा पीत उभे! काकांनी सरांकडे पाहिलं, वर्गाकडे पाहिलं. आत पोरांचा नुसता गोंगाट चाललेला. मग माझ्याकडे पाहिलं... आणि तरातरा निघून गेले.

सर बाहेर असताना पोरगी वर्गात, म्हणजे पन्नास पोरांत एकटी. पिक्चरला गेली म्हटलं असतं तर फार तर दोन शिव्या बसल्या असत्या तिला. मी मेलीने तिची अब्रूच वेशीवर टांगली होती.

सोमवारी शोभा आली नाही. मंगळवारी नाही. मग कळलं, तिच्या वडिलांनी शनिवारीच तिची टीसी काढून नेली...

बोथ काही लांब नव्हतं. पण कोणत्या तोंडाने जाणार? पुढे लग्न झालं, तेव्हाचं आंध्र सुटलं, चंद्रपूरला शाळेत लागले. वर्गातली एखादी पोरगी अचानक यायची बंद झाली की मी तिच्या घरी जाऊन धडकते. लोक म्हणतात, बाई फार कर्तव्यदक्ष! कसलं काय... धाक शोभाचा होता.

तर रविवारी मांडवात जेवणाच्या रांगेत लागले आणि एक ठेंगणी, चष्मेवाली बाई आली, तिने माझा दंडच धरला. "काऊन व, तोंड लपवून राह्यली?"

मला रडूच फुटलं. हातात जेवणाचं ताट, मागे रांग खोळंबलेली आणि मी आपली मुसमुसतेय. "शोभे, माह्यामुळं तुह्यं शिक्षण बुडालं व..."

"माह्यं शिक्षण?" ती बघतच राहिली. "हेडमिस्ट्रेस हाये मी! उटनूरकडं."

बाप्पा! टीचर ट्रेनिंगच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. काका तेच सांगायला आले होते. सोमवारी सकाळी तिकडे हजर व्हायचं, शनिवारचं ऑफिस लवकर बंद होणार, त्याआधी टीसी हवी... म्हणून ते तसे धावत सुटले होते. शोभाला त्यांनी संध्याकाळी बसस्टँडवर गाठलं.

"अन् मी खोटं बोलली ते?"

"अवं, बाबा तर हसून हसून सांगत सगळ्यायले! सर बाहेर चहा पिऊन राह्यले अन् पोट्टी वर्गात? असं कधी झालं काय या कॉलेजात? म्हने, तवाच समजलं मले, शोभी पिच्चरले गेली."

 ज्या रांगेपायी मी सव्वीस वर्षं स्वतःला कोसत होते, त्या रांगेमुळेच काकांनी माझ्या बोलण्यावर घटकाभरही विश्वास ठेवला नव्हता.

शोभाने मला पत्रही टाकलं होतं, कॉलेजच्या पत्त्यावर. पण पत्रांची फळी मुलांच्या अड्ड्यापाशी, तिकडे आम्ही चौघी कधी फिरकायचोच नाही. माझं उत्तर नाही म्हणून ती समजली, मी रुसले. आता बोला!

जेवणानंतर फोटोसाठी सगळ्यांना जुन्या वर्गात बोलावलं. शोभा आणि मी दारापाशी गेलो आणि आपोआप थांबलो... आमचे सर काठी टेकत मागून येत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, हसले आणि दारापाशी येऊन बाजूला उभे राहिले.

"पदंडम्मा."

या वेळी आम्ही पुढे गेलो. सर मागून आले.

परतीच्या बसमध्ये अशी गाढ झोपले की चंद्रपूरला कंडक्टरने हाक मारून उठवलं. काका आता नाहीत... असते तर आधी त्यांच्या पाया पडले असते. काका, तुम्ही माझं खोटं तिथल्या तिथे ओळखलंत, लई उपकार झाले हो.